स्पीकर एक, फोन पाच: रोजची पेअरिंगची कटकट कशी संपवायची

घरात ब्लूटूथ स्पीकर किंवा साउंडबार एकच आणि फोन चार-पाच असले की भांडण ठरलेलं, तुम्ही गाणं लावता आणि तो मात्र आतल्या खोलीतल्या कुणाच्या तरी फोनला चिकटून बसलेला. यात बिघाड काही नाही. बहुतेक स्पीकर चालू झाले की शेवटी जोडलेला फोन आधी शोधतात, तो रेंजमध्ये सापडला की त्यालाच धरतात.

पेअरिंग खरं तर एकदाच करायचं असतं, तेव्हा फोन आणि स्पीकर एकमेकांची ‘की’ (ओळख पटवणारा गुप्त कोड) सेव्ह करून ठेवतात, रोज होतं ते नुसतं कनेक्ट. रोज नव्याने पेअर करावं लागतंय म्हणजे बहुतेक वेळा कुठेतरी जुनी नोंद अडकलीय.

मग एकदाच सगळं साफ करा. प्रत्येक फोनवर ब्लूटूथच्या लिस्टमध्ये जाऊन तो स्पीकर फरगेट करा आणि स्पीकरही रिसेट मारा, कुठली बटणं दाबायची ते मॅन्युअलमध्ये बघा कारण प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. एकाच बाजूने पुसलं तर दुसरीकडे जुनी ‘की’ तशीच राहते आणि कनेक्ट होता होत नाही, लोक इथेच वैतागून सोडून देतात.

आता बाकी सगळ्यांचं ब्लूटूथ बंद ठेवून एकेक फोन घ्या. स्पीकरचं ब्लूटूथ बटण दाबून धरा, लाइट भराभर लुकलुकायला लागला की पेअरिंग मोड आला, फोनमध्ये नाव दिसलं की टॅप करा. जुन्या मॉडेलने कोड मागितला तर 0000 किंवा 1234 टाकून बघा. झालं की त्या फोनचं ब्लूटूथ बंद, मग पुढचा. पाहुण्यांचे फोन यात घुसवू नका, स्पीकरची मेमरी मोजकीच असते आणि भरली की सहसा सगळ्यात जुनी नोंद उडते.

मल्टिपॉइंट असेल तर दोन फोन एकदम जोडलेले राहतात. सोय छान आहे, पण एकाचं गाणं चालू असताना दुसऱ्याचा रील मध्येच बोंबलतो, त्यामुळे माझं मत विचाराल तर ते बंदच ठेवा.

आणि स्पीकरमध्ये क्रोमकास्ट किंवा एअरप्ले, म्हणजे वायफायवरून गाणं पाठवायची सोय, असेल तर ब्लूटूथच्या नादी लागूच नका, एकाच वायफायवर असलेला कुणीही थेट कास्ट करू शकतो, एअरप्लेसाठी मात्र सहसा ॲपलचा फोन लागतो. फक्त पाहुण्यांना गेस्ट वायफाय दिलं असेल तर त्यांना तो स्पीकर बहुधा दिसणारच नाही, कारण गेस्ट नेटवर्क मुद्दाम वेगळं तोडलेलं असतं.