आवाज अडवणारं दार बसवताय? या चुका टाळा

वॉशिंग मशीनचा खडखडाट बेडरूममध्ये नको म्हणून लोक जाडजूड दार करून घेतात. आठ दिवसांत फोन येतो, ‘आवाज आहे तेवढाच आहे हो.’ बहुतेक वेळा दाराचा दोष नसतो, आजूबाजूच्या फटींचा असतो.

कोथरूडमधल्या एका घरी ड्राय बाल्कनी आणि बेडरूमच्या मध्ये ३५ मिलिमीटरचं भरीव दार बसवलं होतं. ताईंची रात्रपाळी, त्यामुळे झोप दिवसा, आणि घरातलं मशीनही दिवसाच लागायचं. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला, “दादा, पैसे पाण्यात गेले.” जाऊन बघतो तर दाराखालून माझी बोटं आरपार! दार पायपुसण्याला घासतंय म्हणून माझ्यामागे कुणाकडून तरी ते खालून कापून घेतलं होतं. चांगलं २० मिलिमीटर.

सात फुटी दाराखाली २० मिलिमीटरची फट म्हणजे दाराच्या साधारण एक टक्का जागा उघडी. एवढ्यानेच ३५ डेसिबल अडवणारं दार जेमतेम २० वर येतं. मग पल्ला दुप्पट जाड करा नाहीतर शिशाचा करा, तो २०च्या वर जात नाही. आम्ही खालून ड्रॉप सील लावलं. दार मिटलं की त्याचं बटण चौकटीला टेकून दाबलं जातं आणि रबरी पट्टी आपोआप फरशीवर उतरते. पायपुसणं हातभर पुढे सरकवलं. हे आधीच केलं असतं तर कापायची वेळच आली नसती.

माझी सवय सांगतो. काम झालं की खोलीत अंधार करायचा, पलीकडे मोबाईलचा टॉर्च लावून ठेवायचा, दार मिटायचं आणि चारही कडा बघायच्या. उजेड दिसला तिथून आवाज येणारच. कडीच्या बाजूचा वरचा कोपरा हमखास चमकतो. तिथे चौकटीच्या खाचेत रबरी गॅस्केट हवं. चिकटपट्टीवाला स्पंज स्वस्त मिळतो, पण दार आपटून आपटून काही महिन्यांत चपटा होतो.

पावसाळ्यात फुगलेलं दार लगेच रंधून घेऊ नका. जुलैत रंधा मारला की थंडीत लाकूड आकसतं आणि फट कायमची. अडत असेल तर आधी बिजागरीचे स्क्रू आवळून बघा. त्यानेही नाही भागलं तर दिवाळीपर्यंत कळ काढा. एवढा धीर लोकांकडे नसतो, आणि सुतारालाही दिवसाची मजुरी हवीच असते.

चौकट आणि भिंत यांच्यामधली पोकळी कागद-थर्माकोल कोंबून वर मोल्डिंगने झाकू नका. मी तिथे सिमेंटचा माल ठासून भरतो.

दाराला फोम किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवू नका. त्याने खोलीतला घुमारा कमी होतो, पलीकडचा आवाज थांबत नाही.

भरीव दार जड असतं, तीनऐवजी चार बिजागऱ्या लावा. नाहीतर पल्ला लोंबू शकतो आणि पुन्हा फट.

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त डोकं फोडतो ते. मशीन फिरताना पलंगाचा पाय थरथरतो का? मग तो आवाज दारातून नाही, फरशीतून येतोय आणि त्याला दार काही करू शकत नाही. मशीनचे चारही पाय फरशीला टेकलेत का ते बघा, डुगडुगत असेल तर पाय फिरवून लेव्हल करा, खाली जाड रबराचे पॅड द्या, भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. फ्रंट लोड असेल तर मागचे ट्रान्झिट बोल्ट काढलेत ना, तेही बघा. घर बदलताना ड्रम हलू नये म्हणून ते परत लावतात आणि नव्या घरी काढायचे विसरतात. मग स्पिनला मशीन नाचत सुटतं आणि गिऱ्हाईक मला दाराचं कोटेशन मागतं.

एका दाराला मात्र मी पट्टी लावत नाही. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर दाराखालची फट आणि वरचा झरोका मोकळाच ठेवायचा. कोंडलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि माणूस आतल्या आत बेशुद्ध पडतो. बाथरूममधल्या पंख्याची घरघर ऐकू येते म्हणून हे दार बंदिस्त करायला सांगणारे भेटतात. त्यांना मी आधी गिझर बाहेर काढायला सांगतो. काहींनी त्यावरून दुसरा सुतार बघितला.