लॅपटॉप उन्हाळ्यात आपोआप बंद पडतो? दुकानात न्यायच्या आधी हे करून पाहा

मे लागला की मला दोनच प्रकारचे मेसेज येतात, एक लग्नाच्या पत्रिका आणि दुसरा "दादा, लॅपटॉप आपोआप बंद होऊन राहिला". त्यातले अर्धे लोक आधीच कुठल्यातरी दुकानातून "मदरबोर्ड गेला, नऊ हजार लागतील" हे ऐकून आलेले असतात. घरचे, बिल्डिंगमधले आणि मामेभावाच्या हॉस्टेलमधले धरून मी असे बरेच लॅपटॉप उघडले आणि खरंच मदरबोर्ड गेलेले त्यात दोन की तीन निघाले. बाकीच्यांना नुसतं गरम होत होतं बाप्पा.

आधी नक्की करा की हा उष्णतेचाच त्रास आहे. काम सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी, निळी स्क्रीन वगैरे काही न येता, लाईट गेल्यासारखा फट्टकन बंद होतो, लगेच चालू केला तर पुन्हा पाच मिनिटांत बंद, आणि अर्धा तास ठेवून दिला तर नीट चालतो, असं असेल तर उष्णताच. चार्जर काढल्यावर बॅटरी तीस टक्के दाखवत असतानाच बंद पडत असेल तर बॅटरी गेली. चार्जरची पिन हलवली की बंद होत असेल तर पिन नाहीतर जॅक. त्या दोन्हींसाठी पुढचं वाचायची गरज नाही. आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल पॉवर ४१' दिसलं म्हणून घाबरून पॉवर सप्लाय बदलायला निघू नका, त्या नोंदीचा अर्थ एवढाच की लॅपटॉप नीट शटडाऊन न होता बंद पडला. कारण ती सांगत नाही.

हे उन्हाळ्यातच काहून होतं? कारण पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो आणि त्या हवेपेक्षा थंड काही करणं त्याला शक्यच नाही. डिसेंबरमध्ये खोली २२ अंशावर असताना प्रोसेसर ८० ला जात असेल, तर मे महिन्यात ४० अंशाच्या खोलीत तेच काम करताना तो ९८ च्या आसपास जाणार, साधा हिशोब आहे. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० च्या मध्ये कुठेतरी स्वतःचा वेग कमी करतात, त्याने भागलं नाही तर सरळ बंद होतात. म्हणजे बिघाड थंडीतच सुरू झालेला असतो, फक्त दिसतो मे महिन्यात.

तापमान पाहायला एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्रॅम टाका, फुकट आहे. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. ३० मे २०२४ ला आपल्याच नागपुरात एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते, सगळीकडे बोंब झाली आणि मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. म्हणून आकड्यासोबत हात वापरा. लॅपटॉपच्या ज्या जाळीतून गरम हवा निघते तिथे तळहात धरा. हवा चांगली गरम पण अगदी मरतुकडी येत असेल, तर जाळीमागे धूळ अडकली आहे. आकडा ९७ दाखवतो, पंखा बोंबलतो, हवा जोरात येते पण कोमटच लागते, तर उष्णता प्रोसेसरपासून जाळीपर्यंत पोचतच नाही, म्हणजे प्रोसेसर आणि त्यावरच्या तांब्याच्या पट्टीमध्ये उष्णता पोचवायला लावलेली पेस्ट सुकली. हवा गरमही आहे आणि जोरातही आहे तर लॅपटॉप ठीक आहे, तुम्हीच त्याच्याकडून जास्त काम करून घेऊन राहिले, किंवा तो गादीवर ठेवला आहे. ही हाताची परीक्षा मला कोणी सांगितली नव्हती, पहिले तीन-चार लॅपटॉप विनाकारण पूर्ण उघडल्यावर कळली.

आता उघडायचं. बॅकअप, बारीक स्क्रूड्रायव्हर, उजेड वगैरे सांगत बसत नाही. तुमच्या मॉडेलचं नाव टाकून उघडतानाचा व्हिडिओ एकदा पूर्ण पाहा, कारण काही कंपन्या रबरी पायांखाली स्क्रू लपवतात आणि तो एक विसरून झाकण ओढलं की तुकडा पडतो. कडा उघडायला जुनं एटीएम कार्ड, सुरी नाही. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, ज्या जागेचा त्याच क्रमाने कागदावर चिकटवा, लांब स्क्रू छोट्याच्या जागी पिळला तर वरच्या बाजूला फुगवटा येतो. झाकण निघाल्यावर सर्वात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, वायर धरून ओढू नका. बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबा, टोचू नका, दाबू नका, लॅपटॉप वापरू नका आणि जाणकाराकडून बॅटरी बदलून घ्या. आणि हो, आपल्याकडे उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की नायलॉनच्या चादरीवर बसून हे काम केलं तर अंगातली स्टॅटिक वीज बोर्डाला झटका देऊ शकते. फरशीवर बसा, मधूनमधून नळाला हात लावा.

पंखा सोडवा आणि पंखा व तांब्याच्या पट्ट्यांच्या मधल्या फटीत पाहा. बाहेरून ब्लोअर मारून जी निघत नाही ती धुळीची गादी इथेच बसलेली असते, चिमट्याने अख्खी निघते. ब्लोअर मारायचाच तर पात्यांना बोट लावून धरा, पंखा भिंगरीसारखा फिरला की बेअरिंग खराब होतं. पंखा घरघर करत असेल तर नवीन टाका, शिवणयंत्राचं तेल सोडू नका.

हाताच्या परीक्षेत धूळच निघाली असेल तर इथेच थांबा, झाकण लावा. पेस्टला उगाच हात लावू नका. कारण खरं भजं इथून पुढे होतं, आणि माझं तीनदा झालं आहे.

हीटसिंक म्हणजे प्रोसेसरवर बसलेली तांब्याची पट्टी आणि तिची नळी. पहिल्यांदा मी जुनी पेस्ट पुसली, नवीन लावली, स्क्रू कसले आणि छाती फुगवून चालू केला, तर आधी ९४ जात होता तो आता सरळ १०० ला जाऊन बंद. मला वाटलं पेस्ट कमी पडली. दुसऱ्यांदा चांगली भरपूर थापली, पुरणपोळीवर तूप सोडतो तशी, फरक शून्य. तिसऱ्यांदा महागाची पेस्ट आणली, पुन्हा तेच. दोन दिवस डोकं धरून बसलो, चौथ्यांदा उघडला तेव्हा दिसलं की चिपच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, एका कोपऱ्यावर पेस्ट दबून चपटी झाली आहे आणि समोरच्या कोपऱ्यावर जशीच्या तशी उभी आहे. मी एक स्क्रू पूर्ण कसून मग दुसऱ्याकडे जात होतो, त्यामुळे हीटसिंक तिरकी बसत होती. पेस्टचा यात काहीच दोष नव्हता.

म्हणून हे नीट वाचा. हीटसिंकवर स्क्रूच्या बाजूला १, २, ३, ४ असे आकडे छापलेले असतात, ते शोभेचे नाहीत. सगळे स्क्रू आधी नुसते पकडेपर्यंत फिरवा, मग आकड्यांच्या क्रमाने प्रत्येकाला अर्धा फेरा, पुन्हा पहिल्यापासून अर्धा फेरा, असं करत सगळे थांबेपर्यंत. आकडे नसतील तर कोपऱ्याविरुद्ध कोपरा. काढताना उलट क्रम. स्क्रू स्वतः थांबला की तुम्हीही थांबा, त्यापुढे जोर लावाल तर चिपचा कोपरा तुटतो आणि मग तो नऊ हजारवाला माणूस बरोबर ठरतो.

हीटसिंक काढायच्या आधी लॅपटॉप पाच-दहा मिनिटं चालवून घ्या, जुनी पेस्ट मऊ पडते. मग बंद करून उघडा आणि हीटसिंक सरळ वर उपटू नका, किंचित डावीउजवीकडे हलवत सोडवा. जुनी पेस्ट पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं. सॅनिटायझर नाही, त्यात ग्लिसरीन असतं, थर मागे राहतो.

पेस्ट किती? डेस्कटॉपवाले मटारएवढा ठिपका टाका म्हणतात, त्यांचं तिथे चालतं कारण त्यांच्या प्रोसेसरवर धातूचं झाकण असतं. लॅपटॉपमध्ये चिप उघडी असते आणि तिचा कोपराही कोरडा राहिला तर तेवढा भाग तापतो, म्हणून मी प्लॅस्टिकच्या तुकड्याने पूर्ण चिपवर पातळ, सारखा थर पसरवतो. खालचं काळं नीट झाकेल एवढाच. पातळ पेस्ट घेऊ नका, गरम-थंड होता होता ती चिपवरून बाजूला सरकते आणि काही महिन्यांत पुन्हा पाढे पंचावन्न. टूथपेस्ट लावा सांगणारे व्हिडिओ तर पाहूच नका. पेस्टऐवजी लावतात ते लिक्विड मेटल, म्हणजे पातळ धातू, तेही नको, ते वीज वाहतं, थेंब सांडला तर शॉर्ट, आणि हीटसिंक ॲल्युमिनियमची असेल तर तिला खाऊन टाकतं.

मी स्वतः आता पेस्टऐवजी हनीवेलची पीटीएम ७९५० ही शीट वापरतो. ती ४५ अंशाच्या आसपास मऊ होऊन चिपवर पसरते आणि पेस्टसारखी सरकत नाही. गंमत म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात ती पाकिटातच मऊ पडते आणि वरचं प्लॅस्टिक सोलताना शीटही सोबत येते, म्हणून लावायच्या आधी पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. नकली माल बम फिरतो, तेव्हा फार स्वस्त दिसली तर सोडा.

अजून एक, हीटसिंकखाली आजूबाजूच्या छोट्या चिपांवर रबरासारखे थर्मल पॅड असतात. ते फाटले तर त्यांच्या जागी पेस्ट भरू नका, तिथे फट मोठी असते. तेवढ्याच जाडीचा पॅड आणा. जास्त जाड आणला तर हीटसिंक पुन्हा वर उचलली जाते, म्हणजे माझी वरची सगळी कथा पहिल्यापासून.

मग बॅटरी जोडा, झाकण लावा, चालू करा. पंखा फिरतो का ऐका. अर्धा तास व्हिडिओ किंवा गेम चालवून आकडा पाहा, आधीपेक्षा दहा-पंधरा अंशांनी उतरायला हवा. काहीच फरक नाही आणि नळीचं एक टोक गरम तर दुसरं थंडच राहतं, तर नळीच गेली, हीटसिंक बदला.

कूलरचं राहिलं. लॅपटॉप कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका भाऊ. हवा थंड असते हे खरं, पण ती ओलीही असते आणि ताटीचे बारीक तंतू सोबत आणते. माझ्या पाहण्यात धुळीची सर्वात घट्ट गादी कूलरसमोरच्याच लॅपटॉपमध्ये निघते. त्याच खोलीत, बाजूला, टेबलावर ठेवा. आणि सफाई मे महिन्यात बोंब झाल्यावर नाही, होळीनंतर कूलरच्या ताट्या बदलता त्याच रविवारी उरकून टाका. मी झाकणाच्या आतून चिकटपट्टीवर तारीख लिहून ठेवतो, पेस्टची वेगळी आणि धुळीची वेगळी.