पिंग जातंय, पण डेटा येत नाही: मशीनचं नॅट सेट करताना या चुका टाळा

मशीन बनवणाऱ्या एकाच बिल्डरकडून तीन एकसारखी मशिनं घेतली की तिन्ही पीएलसींचा (मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकांचा) नेटवर्कवरचा पत्ता १९२.१६८.०.१० निघतो. बिल्डरच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही. प्रोग्राम एकच, पत्ता एकच, पुढच्या मशीनला तोच कॉपी. घोळ होतो तो तिन्ही मशिनं प्लांटच्या नेटवर्कला जोडताना. मग प्रत्येक पॅनेलमध्ये डीन रेलच्या पट्टीवर एकेक नॅट डिव्हाइस, म्हणजे मधे बसून पत्ते बदलणारा डबा, बसवायचं. आतले पत्ते तसेच राहतात आणि बाहेरून ही मशिनं १०.२०.५.११, १२ आणि १३ अशी दिसतात. सेटिंग ब्राउझरमधून, म्हटलं तर पंधरा मिनिटांचं काम. चाकणच्या एका कारखान्यात त्यावर माझे दोन दिवस गेले, आणि त्यात ब्राउझरमधली चूक एकच होती.

पानच उघडत नाही

डिव्हाइसचा मूळ पत्ता मॅन्युअलमध्ये किंवा बाजूच्या स्टिकरवर असतो. लॅपटॉपला त्याच सबनेटमधला (नेटवर्कच्या त्याच गटातला) स्थिर पत्ता द्या आणि वाय-फाय बंद करा. हे वाय-फायचं सांगणं क्षुल्लक वाटेल, पण मी एकदा तासभर लॉगिनशी झगडलो. पासवर्ड बरोबर, तरी आत जाता येईना. ते पान ऑफिसच्या वाय-फाय राउटरचं होतं. त्याचाही पत्ता १९२.१६८.१.१ च!

कंपनीच्या लॅपटॉपवर प्रॉक्सी लावलेला असेल तर या पत्त्यापुरता तो वगळा. पत्त्याआधी एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस स्वतः टाइप करा, नाहीतर ब्राउझर कधीकधी तो सर्चमध्ये टाकतो. सर्टिफिकेटची लाल सूचना आली तर घाबरू नका. डिव्हाइसने स्वतःच बनवलेलं सर्टिफिकेट ब्राउझरला ओळखीचं नसतं. लॅपटॉप थेट केबलने जोडलेला असताना पुढे जायला हरकत नाही.

मशीनकडच्या बाजूचा पत्ता बदलून सेव्ह दाबलं की पान अडकतं. डिव्हाइस हँग झालेलं नसतं. ते नव्या पत्त्यावर गेलेलं असतं आणि तुमचा लॅपटॉप जुन्याच सबनेटमध्ये बसलेला असतो. इथे रिसेटचं बटण दाबणारे बरेच भेटतात, आणि मग सगळं पहिल्यापासून.

पीएलसीमधला गेटवे रिकामा

माझ्या मते निम्म्याहून जास्त वेळ इथेच वाया जातो. स्काडाचा, म्हणजे मशिनांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रणालीचा संगणक, समजा १०.२०.५.५०, हा १०.२०.५.११ कडे डेटा मागतो. नॅट पोहोचण्याचा पत्ता बदलून १९२.१६८.०.१० करतं, पण पाठवणाऱ्याचा पत्ता १०.२०.५.५० असाच ठेवतं. मागणी पीएलसीपर्यंत नीट पोहोचते. पीएलसी उत्तर द्यायला जातो, तर समोरचा पत्ता त्याच्या सबनेटमधला नाही, म्हणजे उत्तर गेटवेकडे, सबनेटबाहेर जाण्याच्या दाराकडे, द्यायला हवं. आणि बिल्डरने गेटवेची जागा मोकळी सोडलेली असते, कारण त्याच्या कारखान्यात त्याला ती कधी लागलीच नाही. उत्तर तिथेच संपतं. नॅटच्या पानावर मात्र नियम चालू दिसतो, म्हणून माणूस तोच नियम दहा वेळा पुसून पुन्हा लिहितो.

उपाय सरळ आहे: पीएलसीमध्ये गेटवे म्हणून नॅटचा मशीनकडचा पत्ता टाका. एचएमआय (मशीनवरचा ऑपरेटरचा स्क्रीन) किंवा ड्राइव्हही (मोटर नियंत्रक) बाहेरून हवे असतील तर त्यांच्यातही टाका. प्रोग्रामला बिल्डरचा पासवर्ड असेल किंवा वॉरंटीचा प्रश्न असेल, तर नॅटमध्येच मशीनच्या बाजूला सोर्स नॅट चालू करा. काही डिव्हाइसवर याला मास्करेड म्हणतात. मग पीएलसीला प्रत्येक मागणी नॅटकडूनच आल्यासारखी दिसते आणि गेटवे लागत नाही. तोटा एवढाच की नक्की कोण जोडलंय हे पीएलसीच्या बाजूने कळत नाही.

पिंगवर विश्वास ठेवू नका

पिंगला, म्हणजे त्या पत्त्यावर कोणी आहे का हे पाहायला पाठवलेल्या हाकेला, उत्तर आलं म्हणजे ते पीएलसीनेच दिलं असं नाही. मशीनकडची केबल काढून पुन्हा पिंग करा. तरीही उत्तर आलं, तर ते नॅट डिव्हाइस देतंय किंवा तो पत्ता आधीच दुसऱ्या कोणीतरी घेतलाय. म्हणून बाहेरचे पत्ते आयटीवाल्यांकडून लेखी राखून घ्या आणि डीएचसीपीच्या (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या) यादीतून काढायला सांगा. खरी तपासणी पोर्टची, म्हणजे प्रत्येक संपर्कपद्धतीला ठरलेल्या क्रमांकाची: सीमेन्सच्या एस-सेव्हनला १०२, मॉडबस टीसीपीला ५०२, इथरनेट आयपीला ४४८१८. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा पोर्टसह दिली की लगेच कळतं.

प्रोफिनेट या औद्योगिक नेटवर्क पद्धतीचा रिअल-टाइम डेटा मात्र नॅटमधून नेण्याचा प्रयत्नही करू नका. त्याला आयपी पत्ताच नसतो, मग बदलायचं काय?

बॅकअप फाइल जशीच्या तशी

पहिलं डिव्हाइस चाललं, म्हणून मी त्याची फाइल उरलेल्या दोघांत टाकली. दुसऱ्यात बाहेरचा पत्ता बदलला, तिसऱ्यात विसरलो. दोन मशिनं एकाच पत्त्यावर आली आणि स्काडावर आलटून पालटून दोघांचे आकडे दिसू लागले. हीच ती ब्राउझरमधली चूक. काही डिव्हाइसमध्ये अप्लाय आणि सेव्ह ही वेगळी बटणं असतात, तेही पाहून ठेवा. नुसतं अप्लाय केलं तर पॅनेलची पॉवर बंद होताच सेटिंग उडतं. मूळ पासवर्ड बदला आणि प्लांटच्या बाजूने सेटिंगचं पान उघडणं बंद करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गोंधळ, आणि या वेळी सेटिंग सगळं बरोबर. पॅनेल उघडलं तर मशीनच्या स्विचमधून एक निळी केबल थेट प्लांटच्या स्विचमध्ये गेलेली, नॅटला वळसा घालून. रात्रपाळीत कोणीतरी "पोर्ट मोकळा होता" म्हणून लावली होती. केबल काढली आणि त्या पोर्टवर डमी प्लग बसवला.