अवकाश कचऱ्याच्या मागावर: दिवसाउजेडी करून ठेवायची तयारी

दुर्बीण कुठली घ्यायची हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा आणि कुठल्या उंचीवरचा कचरा बघायचा ते आधी ठरवा, कारण पुढची सगळी यादी त्यावरून बदलते. ८०० किलोमीटरवरचा तुकडा सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटर वेगाने पळतो. खमध्यावरून, म्हणजे थेट डोक्यावरून, जाताना तो दर सेकंदाला अर्धा अंश, म्हणजे पूर्ण चंद्रबिंबाएवढं अंतर कापतो. याउलट ३५,७८६ किलोमीटरवरच्या भूस्थिर पट्ट्यातला, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घेत आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या उपग्रहांच्या पट्ट्यातला, मेलेला उपग्रह फार तर रांगताना दिसतो. खालच्या कक्षांमध्ये रडारचं राज्य आहे. पण रडारची लहर जाऊन परत यायची असते, त्यामुळे तिचा प्रतिध्वनी अंतराच्या चौथ्या घाताने क्षीण होत जातो. दुर्बिणीला प्रकाश सूर्य फुकट पुरवतो, त्यामुळे तोटा फक्त परतीच्या वाटेचा, म्हणजे वर्गाच्या प्रमाणात. लांबच्या कचऱ्यावर दुर्बिणीचा हक्क सांगितला जातो तो यामुळे. नवख्याने मात्र सरावासाठी खालचंच लक्ष्य घ्यावं: ८४० किलोमीटरच्या आसपास फिरणारे झेनित रॉकेटचे रिकामे दुसरे टप्पे. एकेक सुमारे नऊ टनांचा असल्याने तो चुकवायलाही कष्ट पडतात.

लक्ष्य ठरलं की त्याची टीएलई, म्हणजे कक्षेचे घटक दोन ओळींत मांडणारी नोंद, त्याच दिवशी दुपारी नव्याने उतरवून घ्या. आठवड्यापूर्वीची फाइल चालेल असं म्हणू नका. ताज्या टीएलईतही किलोमीटरभराची चूक गृहीत धरावी लागते आणि ती दिवसागणिक वाढते. वस्तू जितकी खाली आणि सूर्य जितका खवळलेला, तितकी ती लवकर वाढते. १० फेब्रुवारी २००९ रोजी इरिडियम ३३ आणि कॉसमॉस २२५१ हे उपग्रह एकमेकांवर आदळले. सार्वजनिक टीएलईवरून केलेल्या गणितात ते ५८४ मीटर अंतर राखून जाणार होते. टीएलईवर किती विसंबायचं हे त्या आकड्यावरून उमगतं. शिवाय ती कक्षेचा पुढचा अंदाज काढणाऱ्या एसजीपी४ या गणिती प्रारूपासाठीच बनवलेली असते, तेव्हा ती दुसऱ्या कुठल्या गणितात घालू नका.

मग वेळ. खालच्या कक्षेतला तुकडा दिसायला आपल्याकडे अंधार आणि त्याच्यावर ऊन, असं दोन्ही एकाच वेळी हवं. म्हणून कामाचे तास संध्याकाळचे पहिले आणि पहाटेचे शेवटचे. मधली रात्र झोपायला. भूस्थिर पट्ट्यावर जवळपास रात्रभर ऊन असतं. संपातांच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखे असण्याच्या, दिवसांत मात्र तो रोज तासाभराच्या आसपास पृथ्वीच्या सावलीत जातो आणि सावलीच्या अलीकडे-पलीकडेच त्यातल्या वस्तू सर्वाधिक उजळतात. ती वेळ वहीत ठळक लिहून ठेवा.

आता घड्याळ. माझा सल्ला विचाराल तर पैसे दुर्बिणीच्या आरशाआधी इथे घाला. खालच्या कक्षेत एक मिलिसेकंदाची चूक म्हणजे मार्गावर साडेसात मीटर, आणि पूर्ण सेकंद चुकला तर तुकडा आकाशात चंद्रबिंबभर सरकलेला. इंटरनेटवरून जुळवलेल्या संगणकाच्या घड्याळावर भागवू नका, जीपीएस ग्राहक (रिसीव्हर) लावा. तो निरीक्षणाच्या निदान पाऊण तास आधी सुरू करा. जीपीएसची वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, १८ सेकंद पुढे आहे आणि लीप सेकंदांचा (यूटीसीत अधूनमधून घातलेल्या जादा सेकंदांचा) हिशेब असलेला पूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटं लागतात. तोवर काही ग्राहक बिनदिक्कत चुकीची वेळ दाखवतात. संगणकही यूटीसीवरच ठेवा. मी एकदा तो स्थानिक वेळेवर ठेवून अख्खी संध्याकाळ रिकाम्या आकाशाचे सुरेख फोटो काढले होते.

घड्याळ बरोबर म्हणजे फोटोवरची वेळ बरोबर, असंही नाही. कॅमेरा वेळेचा शिक्का शटर उघडताना मारतो, मिटताना, की चित्र संगणकात पोचल्यावर, हे तपासायचं असतं. सोपी युक्ती अशी: ग्राहकाच्या दर सेकंदाच्या ठोक्यावर एक एलईडी लुकलुकवा, तिचे फोटो काढा आणि शिक्क्याशी ताडून पाहा. सेन्सर रोलिंग शटरचा असेल तर खालच्या ओळी वरच्यांच्या मागून उघडतात. हा फरक ओळीगणिक वजा करण्याची सोय आधीच करून ठेवा.

एक्सपोजर वाढवला की फिकट तुकडा उजळेल, हा समज खाली ठेवून या. २०० मिलिमीटर केंद्रांतर आणि ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल धरला तर ८०० किलोमीटरवरचा तुकडा सेकंदाला साडेचारशेहून जास्त पिक्सेल ओलांडतो. एका पिक्सेलवर तो जेमतेम दोन मिलिसेकंद असतो. शटर कितीही वेळ उघडं ठेवा, रेघ लांबते, उजळत नाही, आणि मागचं आकाश मात्र उजळत जातं. म्हणून लेन्स मोठ्या तोंडाची आणि आखूड केंद्रांतराची हवी, आणि एक्सपोजर एवढाच की रेघेची दोन्ही टोकं चित्रात राहतील, कारण मोजायची असतात ती टोकंच. एका रेघेवरून तुकडा कुठून कुठे गेला ते कळत नाही, तेव्हा लागोपाठ दोन तरी चित्रं घ्या. भूस्थिर पट्ट्यासाठी उलटं करा: माउंटची (दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीची) मोटर बंद. तारे सेकंदाला १५ विकलांनी (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) सरकून रेघा होतात, चालू उपग्रह ठिपके उरतात. मेलेले उपग्रह चंद्र-सूर्याच्या ओढीने वर्षानुवर्षं कलत जातात, त्यामुळे त्यांच्या छोट्या तिरक्या रेघा उमटतात.

ध्रुव जुळवणी (माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे वळवणं), फोकस, दव-पट्टी (लेन्सवर दव धरू न देणारी तापती पट्टी), बॅटऱ्या ही नेहमीचीच कामं, उजेड असतानाच उरका. जागेचे अक्षांश-रेखांश पक्के करताना उंची एलिप्सॉइडपासूनची (पृथ्वीच्या गणिती लंबगोल आकारापासूनची) की समुद्रसपाटीपासूनची ते मात्र बघा. काही ठिकाणी या दोहोंत १०० मीटरपर्यंत फरक पडतो.

शेवटी परीक्षेचं लक्ष्य राखून ठेवा. दिशादर्शन उपग्रहांच्या कक्षा काही सेंटीमीटरपर्यंत ठाऊक असतात. रात्रीच्या सुरुवातीला आणि शेवटी असा एकेक टिपा, गाया या अवकाश दुर्बिणीच्या तारासूचीवरून त्याची जागा काढा आणि अपेक्षित जागेशी ताडा. ताडताना प्रकाशाला तिथून इथवर यायला लागणारा वेळही वजा करा. भूस्थिर अंतरावरून तो ०.१२ सेकंद होतो आणि तेवढ्यात वस्तू साडेतीनशे मीटरहून पुढे गेलेली असते. तरीही फरक उरला आणि तो नेहमी हालचालीच्या दिशेनेच पडत असेल, तर दोष घड्याळात. वहीत एक रकाना न दिसलेल्या लक्ष्यांसाठी आखा आणि त्यात वेळ, ढग, दुर्बिणीची दिशा लिहीत जा. कोलांट्या खाणारा तुकडा आज सपाट बाजू लपवून गेला असेल, तर उद्या तोच लखलखत येतो.