घरी गाडी किंवा गवत कापायचं मशीन दुरुस्त करताय? या चुका टाळा

गाडी सुरू होत नाही म्हटलं की बहुतेकांचा हात आधी स्पार्क प्लगकडे जातो. नवा प्लग लावूनही काही होत नाही, मग कार्बोरेटर उघडला जातो, मग बॅटरीवर संशय येतो. शेवटी गाडी सुरू होते, पण नेमकी कशाने झाली ते कळत नाही, आणि काही दिवसांनी तोच बिघाड परत समोर उभा राहतो. म्हणून पहिली सवय ही लावून घ्या: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती बदलल्यावर यंत्र चालवून बघा. माझ्या मते हत्यारांची पेटी घेण्याआधी ही सवय लागायला हवी.

दुसरं, सोपं ते आधी तपासा. टाकीत पेट्रोल आहे का, पेट्रोलचा कॉक उघडा आहे का, किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) 'ऑफ'वर राहिलाय का, फ्यूज उडालाय का. फ्यूज उडाला असेल तर तितक्याच अँपिअरचा लावा. मोठ्या अँपिअरचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा लावून काम भागवलं, की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळतं.

प्लग काढलाच असेल तर फेकण्याआधी नीट बघा, तो बरंच काही सांगतो. टोक पेट्रोलने ओलं असेल तर पेट्रोल पोचतंय, पण ठिणगी पडत नाही किंवा इंजिन ओव्हरफ्लो झालंय, म्हणजे आत गरजेपेक्षा जास्त पेट्रोल गेलंय. भरपूर किक मारूनही टोक कोरडंच असेल तर पेट्रोलच येत नाही, अशा वेळी प्लग बदलून उपयोग नाही. कोरडी काळी काजळी दिसली तर एअर फिल्टर तुंबलाय का किंवा चोक (गार इंजिनसाठी हवा कमी करणारी झडप) अडकलाय का ते बघा. फिकट तपकिरी टोक म्हणजे सगळं ठीक. ठिणगी तपासायला स्पार्क टेस्टर वापरा. प्लगच्या उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते, तिच्याजवळ ठिणगी नको.

बॅटरीच्या बाबतीत मल्टिमीटर असताना अंदाज कशाला? बारा व्होल्टची पूर्ण चार्ज झालेली बॅटरी गाडी काही तास बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12 व्होल्टला ती जवळजवळ रिकामी झालेली असते. इंजिन चालू असताना साधारण 13.5 ते 14.5 दिसायला हवेत. चालू इंजिनवरही आकडा 12 च्या घरातच राहिला, तर दोष चार्जिंगमध्ये आहे. नवी बॅटरी घातली तर तीही उतरणार. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना आधी पॉझिटिव्ह. उलट क्रमाने केलं आणि पाना चुकून बॉडीला लागला तर थेट शॉर्ट होतो. दुसऱ्या गाडीवरून जम्प स्टार्ट करताना शेवटची काळी क्लिप बंद पडलेल्या बॅटरीला न लावता तिच्यापासून लांब, इंजिनच्या उघड्या धातूवर लावा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटचं कनेक्शन जोडताना ठिणगी पडतेच.

आटे खराब होतात ते असे

घरच्या दुरुस्तीत मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते गेलेल्या आट्यांचं (बोल्ट ज्यांत फिरत बसतो त्या पेचदार खाचांचं), कारण ते नुकसान पूर्णपणे टाळता येण्यासारखं असतं. इंजिनचं खालचं केसिंग ॲल्युमिनियमचं, ऑइलचा ड्रेन बोल्ट स्टीलचा. जास्त जोर लावला की बोल्टला काही होत नाही, केसिंगचे आटे जातात. हाताला ते कळतंही: घट्ट होत आलेला बोल्ट एका क्षणी अचानक मऊ लागतो आणि जोर न लावता फिरायला लागतो. तिथेच थांबा. "अजून थोडं आवळू" म्हणत फिरवत राहिलात तर उरलेले आटेही निघून येतील.

दहाचा पाना लागणारा बोल्ट दिसायला दणकट वाटतो, पण त्याची प्रत्यक्ष जाडी बहुधा 6 मिलिमीटरच असते आणि त्याला साधारण 10 न्यूटन-मीटर पुरतात. पान्याला पाइप लावून आवळायचं हे कामच नाही. टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) घ्या आणि आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. तो आकडा बहुतेक वेळा कोरड्या आट्यांसाठी दिलेला असतो. आट्यांना तेल लावून त्याच आकड्यापर्यंत आवळलं तर बोल्टवर प्रत्यक्षात जास्त ताण येतो. ड्रेन बोल्टखालचा वॉशर दबून बसणारा असतो, तो दर वेळी नवा घाला. जुन्या वॉशरमुळे तेल झिरपतं, आणि झिरपतंय म्हणून माणूस आणखी आवळतो.

प्लग बसवताना आधी पाना बाजूला ठेवा. प्लग बोटांनी हलकेच उलटा फिरवा. आट्याचं टोक जुळलं की बारीकसा टक् जाणवतो. तिथून सुलटा फिरवायला लागा. बोटांनी दोन-तीन फेरेही जात नसेल तर तो वाकडा बसतोय, काढा आणि परत सुरुवात करा. वॉशरवाला नवा प्लग हाताने टेकला की पान्याने साधारण अर्धा फेरा पुरतो. वापरलेल्याला त्याहून बराच कमी लागतो, कारण त्याचा वॉशर आधीच दबलेला असतो. आणि इंजिन गार असतानाच हे काम करा.

ऑइल आणि चेन

मोटारसायकलमध्ये कारचं ऑइल ओतू नका. बहुतेक मोटारसायकलींत क्लच प्लेट इंजिन ऑइलमध्येच भिजलेल्या असतात. कारच्या अनेक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यांनी क्लच घसरायला लागतो. अशा गाडीसाठी डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ (JASO MA, MA2, ऑइलचा जपानी दर्जा) लिहिलेलं हवं. बिनगिअरच्या स्कूटरचा क्लच कोरडा, त्यामुळे तिच्यासाठी बरेच उत्पादक एमबी सांगतात. पातळी मोजताना गाडी सपाट जागेवर सरळ उभी हवी, साइड स्टँडवर नको. इंजिन बंद करून काही मिनिटं थांबा, तेल खाली उतरू द्या. डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) नुसती टेकवून मोजायची की आटे फिरवून, हे गाडीगणिक बदलतं. जास्त ऑइल म्हणजे जास्त काळजी असं नाही. पातळी वर गेली की क्रँक (इंजिनमधला फिरणारा दांडा) ते घुसळतो, फेस होतो आणि तेल ब्रीदरमधून (इंजिनची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरपर्यंत जातं.

चेनला वंगण लावण्यासाठी इंजिन चालू करून गिअर टाकणं ही फार धोक्याची चूक आहे. चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये फडकं ओढलं जातं आणि फडक्यामागे बोटं. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चाक हाताने फिरवायचं. ओ-रिंगची (सांध्यांत रबरी कड्या असलेली) चेन पेट्रोलने धुऊ नका, रबर खराब होतं. वंगण खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूने लावा, म्हणजे चाक फिरताना ते बाहेरच्या दिशेने पसरेल. ढील खालच्या पट्ट्याच्या मधोमध मोजतात, बऱ्याच मोटारसायकलींना ती 20 ते 30 मिलिमीटरच्या आसपास लागते. चेन सगळीकडे सारखी झिजलेली नसते, म्हणून चाक फिरवत जिथे ती सगळ्यात ताठ लागते तिथे मोजा. फार ताठ चेन ढिल्या चेनपेक्षा वाईट, ती बेअरिंगं खाते.

ब्रेक आणि जॅक: इथे तडजोड नको

ब्रेक ऑइलच्या भांड्यात इंजिन ऑइल किंवा दुसरं कुठलंही तेल थेंबभरही जाऊ देऊ नका, रबरी सील फुगून ब्रेक जातात. झाकणावर जे डॉट (DOT, ब्रेक ऑइलचा दर्जा) लिहिलंय तेच घाला. डॉट ३ आणि डॉट ४ हवेतलं पाणी शोषून घेतात, त्यामुळे कित्येक महिने उघडा पडलेला डबा वापरू नका. डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान 230 अंश सेल्सियस असतो, पाणी शोषल्यावर तो 155 पर्यंत येऊ शकतो. घाटउतारावर ब्रेक तापले की हा फरक जिवावर बेततो. नवे पॅड घातल्यावर गाडी हलवण्याआधी लिव्हर किंवा पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. पहिल्या दोन-चार दाबांत ब्रेक लागतच नाही.

जॅक फक्त गाडी उचलण्यासाठी असतो. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली डोकं तर नाहीच, हातही घालू नका, आधी जॅक स्टँड लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करून ठेवा.

गवत कापायचं मशीन

काही महिने पडून राहिलेलं मशीन सुरू होत नाही याचं कारण बहुतेक वेळा कार्बोरेटरमध्ये सापडतं. फ्लोट बाऊल (कार्बोरेटरखालची पेट्रोलची वाटी) काढलं की तळाशी पिवळट चिकट थर दिसतो आणि जेटचं (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीचं) केसाएवढं भोक बुजलेलं असतं. ते तारेने कोरू नका, भोक मोठं होतं आणि मिश्रण कायमचं बिघडतं. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा झोत वापरा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी शोषतं, पाणी फार झालं की वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि मशीन नेमकं तळातलंच ओढतं.

सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटांनी बंद पडत असेल आणि थोड्या वेळाने आपोआप चालत असेल, तर टाकीचं झाकण सैल करून बघा. झाकणाचं हवेचं भोक बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरत नाही.

टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं, ते मिश्रण नजरेने करू नका. 50:1 ला लिटरमागे 20 मिलिलिटर तेल, 40:1 ला 25, 25:1 ला 40. तेल कमी पडलं की पिस्टन जाम होतो.

पात्याला हात लावण्याआधी स्पार्क प्लगची कॅप काढून बाजूला ठेवा. बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी काढा, विजेचं असेल तर वायर सॉकेटमधून काढा. पातं हाताने फिरवलं तरी इंजिन सुरू होऊ शकतं. चाकांचं फोर-स्ट्रोक मशीन कलंडवायचं तर एअर फिल्टरची बाजू वर राहू द्या, नाहीतर तेल फिल्टरमध्ये उतरतं आणि पुढच्या वेळी पांढऱ्या धुराचे लोट निघतात. धार लावल्यावर पातं मधल्या भोकातून खिळ्यावर अडकवा. एक टोक खाली झुकलं तर त्या बाजूने अजून थोडं घासा. असमतोल पात्याने मशीन थरथरतं आणि क्रँकशाफ्टचं बेअरिंग जातं.

मशीन बरेच दिवस ठेवून द्यायचं असेल तर टाकी रिकामी करा आणि उरलेलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. पेट्रोल ठेवायचंच असेल तर स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं द्रव्य) ताज्या पेट्रोलमध्ये घाला आणि मोकळ्या हवेत काही मिनिटं इंजिन चालवा, म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोचेल.