मोदकाच्या पिठीचे मिताराशी दांगो

जपानात जुलै-ऑगस्ट हे मात्सुरीचे, म्हणजे जत्रांचे दिवस. संध्याकाळी कंदील लागले की खाण्याच्या गाड्यांसमोर झुंबड उडते. एकीकडे मोठ्या तव्यावर याकिसोबा, म्हणजे नूडल्स, परतला जात असतो, दुसरीकडे आप्पेपात्रासारख्या तव्यातले ताकोयाकी टोच्याने भराभर उलटले जातात. शेजारी काकिगोरी असते, किसलेल्या बर्फावर रंगीत पाक ओतलेली. आपल्या बर्फाच्या गोळ्याची अगदी जवळची नातलग. शाकाहारी माणसाची मात्र इथे अडचण होते. ताकोयाकीत ऑक्टोपस असतो, याकिसोबात बहुधा डुकराचं मांस असतं आणि वरून वाळवलेल्या माशाचा कीस भुरभुरतात.

पण याच गर्दीत निखाऱ्यावर भाजलेले तांदळाच्या गोळ्यांचे काड्यांवरचे तुरेही मिळतात. वरून गोड-खारट, चकचकीत पाक घातलेला असतो. हेच मिताराशी दांगो. तांदूळ, सोया सॉस, साखर आणि थोडा स्टार्च, इतकंच त्यात असतं. (काही ठिकाणी पाकात माशाचं पाणी घालतात, म्हणून विकत घेताना विचारलेलं बरं.)

हे नाव क्योटोतल्या शिमोगामो देवस्थानातल्या मिताराशी तळ्यावरून पडलं. जुलैच्या अखेरीस तिथे मिताराशी उत्सव असतो. लोक हातात मेणबत्ती घेऊन झऱ्याच्या थंडगार पाण्यात गुडघाभर उतरतात. तळ्यात आधी एक बुडबुडा आला, मग थोड्या वेळाने चार आले, त्या बुडबुड्यांचं रूप म्हणजे हे गोळे, अशी आख्यायिका आहे. म्हणून क्योटोत काडीच्या टोकाला एक गोळा, मग जराशी फट आणि खाली चार गोळे लावतात. टोकियोकडे एका काडीवर बहुतेक चारच असतात.

जपानात दांगोसाठी जोशिन्को नावाचं पीठ वापरतात: साधा तांदूळ धुवायचा, वाळवायचा आणि बारीक दळायचा. मोदकाची पिठी आपण अशीच करतो. फरक आहे तो तांदळाचा. तिकडचा तांदूळ आखूड आणि चिकट असतो, म्हणून इंद्रायणीची किंवा आंबेमोहोराची पिठी घ्या. बासमतीचे गोळे तासाभरात कडक होतात.

सहा काड्यांसाठी २०० ग्रॅम पिठी आणि एक मोठा चमचा साखर परातीत घ्या. साखर गोडीसाठी नाही. ती पाणी धरून ठेवते आणि गोळे मऊ राहतात. त्यावर उकळतं पाणी थोडं थोडं ओतत लाकडी चमच्याने कालवा. साधारण १६० ते १८० मिलिलिटर लागेल, पण मापापेक्षा हाताला विचारा. हात सोसेल इतकं कोमट झालं की मळा. कणीक कानाच्या पाळीइतकी मऊ हवी, असं जपानी स्वयंपाकघरांत सांगतात. मला याहून नेमकं माप अजून सापडलेलं नाही.

आता उकडण्याआधी गोळे वळायचे नाहीत. मोदकाची सवय असलेल्या हाताची चूक इथेच होते. कणकेचे ओबडधोबड तुकडे करून चपटे करा आणि मोदकपात्रात ओल्या फडक्यावर २० ते २५ मिनिटं वाफवा. गरम असतानाच ते परातीत काढा आणि ओल्या बत्त्याने किंवा लाटण्याच्या टोकाने कुटा. मध्येच दुमडा, पुन्हा कुटा. आधी गोळा फुटल्यासारखा वाटतो, मग चार-पाच मिनिटांत गुळगुळीत आणि लवचिक होतो, ओढला तर ताणतो. दांगोची ती खास चिवट मऊ चव याच कुटण्यातून येते. इथे कंटाळा केलात तर हातात उकडीचे गोळे येतील, दांगो नाही.

हाताला पाणी लावून लांब वळी करा, सुपारीएवढे ३० तुकडे कापा आणि गोल वळा. बांबूच्या काड्या पाण्यात भिजवून मग त्यावर गोळे ओवा. म्हणजे ते चिकटत नाहीत आणि भाजताना काडी जळत नाही.

चिकट तांदळाचं पीठ मिळालं, उदाहरणार्थ आसामच्या बोरा तांदळाचं, तर सोपी वाट आहे. ते आणि पिठी निम्मी निम्मी घ्या, कोमट पाण्यात मळून थेट गोळे वळा, उकळत्या पाण्यात सोडा. वर तरंगले की आणखी दोन-तीन मिनिटं ठेवून गार पाण्यात काढा.

पाकासाठी १२० मिलिलिटर पाणी, चार मोठे चमचे साखर, दोन मोठे चमचे सोया सॉस आणि एक मोठा चमचा बटाट्याचा स्टार्च किंवा कॉर्नफ्लोअर. हे सगळं गारच असताना नीट ढवळा, नाहीतर गुठळ्या होतात. मग मंद आचेवर सतत हलवत राहा. गढूळ मिश्रण पारदर्शक झालं आणि चमच्यावरून जाडसर धारेत पडू लागलं की उतरवा. सोया सॉस नैसर्गिकरीत्या आंबवलेला घ्या; चायनीज पदार्थांत घालतो तो काळा, दाट सॉस इथे कडवट लागतो. गहू वर्ज्य असेल तर बाटलीवरची घटकांची यादी वाचा, कारण बहुतेक सोया सॉसमध्ये गहू असतो.

शेवटी भाजणं. पापडाच्या जाळीवर मध्यम आचेवर काड्या फिरवत राहा. गोळ्यांवर तपकिरी डाग पडले पाहिजेत; त्या किंचित करपलेपणाशिवाय पाक नुसताच गोड लागतो. भाजून झाले की लगेच पाकात बुडवून काढा आणि गरमच वाढा.

गोड नको असेल तर ताकायामा गावची पद्धत करून पाहा. तिथे पाक नसतो. गोळ्यांना नुसता सोया सॉस लावून भाजतात. चहाबरोबर मला तेच अधिक आवडतात.

उरलेले गोळे फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने तांदळाचा स्टार्च घट्ट होतो. झाकून बाहेर ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. कडक झालेच तर पाच मिनिटं वाफ द्या आणि पुन्हा जाळीवर धरा.