उजव्या हृदयाची कॅथ आणि संशोधनाचे आकडे: या चुका टाळा

मे महिन्यातली गोष्ट. बीड जिल्ह्यातल्या एका गावाहून साठीतल्या एक मावशी उजव्या हृदयाच्या कॅथसाठी (शिरेतून हृदयात नळी घालून दाब मोजायची तपासणी) संभाजीनगरला आल्या. आदल्या रात्री आठला भाकरी खाल्लेली, पहाटेची एसटी धरलेली, आणि "उपाशी या" असं सांगितलं म्हणून पाण्याचा थेंबही घेतलेला नाही. लघवीची गोळी मात्र नेमाने घेतलेली. त्या दिवशी लिस्ट लांबली, टेबलवर घ्यायला दुपारचा एक वाजला. फुप्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब ३८ मिलिमीटर पारा. वेज, म्हणजे त्या धमनीच्या फांदीत फुगा अडकवून मोजलेला आणि डाव्या एट्रियमचा (हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याचा) अंदाज देणारा दाब, ११. मी खुशीत एक्सेलमध्ये ‘प्री-कॅपिलरी’ (दोष फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत, डाव्या हृदयात नाही) असं टाकलं. थिसिसला पेशंट कमी पडत होते, एक वाढला.

गाइड सरांनी शीट पाहिली, पण वेजबद्दल काही विचारलंच नाही. "डावं एट्रियम किती मोठं आहे? ईसीजीत एएफ (अनियमित ठोके) आहे ना? मग बाई उपाशी किती तास होत्या?" मोजलं तर सतरा. महागडं औषध सुरू करण्याआधी खात्री हवी म्हणून पुढे त्यांची पुन्हा कॅथ झाली. या वेळी पाणी पिऊ दिलं होतं आणि सकाळी पहिला नंबर लावला होता. वेज आला १९. म्हणजे दुखणं मुळात डाव्या बाजूचं, ताठरलेल्या हृदयाचं. मी ते फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांच्या नावावर मांडून मोकळा झालो होतो.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की या विषयातलं संशोधन संख्याशास्त्राच्या टेबलवर क्वचित बिघडतं, ते कॅथच्या टेबलवर बिघडतं. पी-व्हॅल्यू काढणारा माणूस नंतर काहीही करो, दाब मोजणाऱ्या यंत्राचा शून्य, म्हणजे झिरो, चुकलेला असेल तर ती चूक त्याला दिसणार नाही.

उपाशीपणा आणि लघवीची गोळी नोंदवत नाही

१९७३ च्या जिनिव्हा बैठकीपासून पल्मनरी हायपरटेन्शन (फुप्फुसाच्या धमनीतला वाढलेला दाब) म्हणायला सरासरी दाबाची रेषा २५ होती. २०१८ मध्ये नीसच्या परिषदेत ती २० वर आणली. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत प्री-कॅपिलरी म्हणायला तीन अटी आहेत: सरासरी दाब २० च्या वर, वेज १५ किंवा कमी, आणि रक्तवाहिन्यांचा रोध (सरासरी दाबातून वेज वजा करून हृदयाच्या प्रवाहाने भागलेला) २ वुड युनिटच्या वर. म्हणजे पेशंट कोणत्या गटात बसणार हे वेजच्या एका आकड्यावर ठरतं. हा आकडा शरीरात पाणी किती आहे त्याप्रमाणे खाली-वर होतो.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार असतो आणि पेशंट लांबून येतो. उपाशीपणाचा हिशोब तो आदल्या रात्रीपासून धरतो, कारण आपण "सकाळी उपाशी या" एवढंच सांगतो. तेव्हा वॉर्डात स्पष्ट सांगा की जेवण बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल. आपल्या भूलतज्ज्ञांशी एकदा बोलून हे ठरवून टाका. केस रेकॉर्ड फॉर्मात दोन रकाने वाढवा: शेवटचं पाणी किती वाजता, आणि लघवीच्या गोळीचा शेवटचा डोस कधी व किती. मधुमेह, रक्तदाब, वजन जास्त, डावं एट्रियम मोठं, एएफ अशी सगळी लक्षणं असून वेज १२ आला तर त्यावर विश्वास ठेवायची घाई नको. टेबलवरच ५०० मिली सलाईन पाच ते दहा मिनिटांत देऊन वेज पुन्हा मोजा. १८ च्या वर गेला तर डावी बाजू दोषी. ज्याचं उजवं हृदय आधीच थकलेलं आहे, त्याला मात्र हे पाणी देऊ नका.

झिरो केला, मग टेबल वर घेतलं

गवंडी पाण्याची नळी धरून भिंतीची लेव्हल काढतो ना, ट्रान्सड्यूसरचा (नळीतला दाब मोजणाऱ्या यंत्राचा) हिशोब तोच आहे. पेशंट उताणा, ट्रान्सड्यूसर छातीच्या निम्म्या जाडीच्या रेषेला. घोळ नंतर होतो. स्क्रीनवर नळी नीट दिसावी म्हणून कुणीतरी टेबल दहा सेंटिमीटर वर घेतं, ट्रान्सड्यूसर मात्र स्टँडवर होता तिथेच. दहा सेंटिमीटरचा फरक म्हणजे सात मिलिमीटरहून थोडा जास्त पारा. खरा वेज १२ असेल तर स्क्रीनवर १९ दिसेल आणि पेशंट एका झटक्यात दुसऱ्या गटात जाईल.

याहून वाईट म्हणजे ही चूक लपते. रोध काढताना सरासरी दाबातून वेज वजा करतो. दोन्ही सारखेच वाढलेले, त्यामुळे वजाबाकी बरोबर येते. रोध ठीक दिसतो म्हणून आकडे तपासणाराही पुढे जातो. माझा उपाय अगदी गावठी आहे. पेशंटच्या छातीच्या बाजूला मार्करने रेघ मारा, आणि वेज घेण्याआधी टेक्निशियनने मोठ्याने "झिरो बघितला" म्हणायचं. पहिल्या आठवड्यात सगळे हसतात, मग सवय होते.

ट्रेसिंग चपटी दिसत असेल तर नळीत हवेचा बुडबुडा शोधा. दबलेल्या ट्रेसिंगमध्ये वरचा दाब कमी आणि खालचा जास्त दिसतो, सरासरी जवळपास तीच राहते. म्हणून सरासरीवर भागवणाऱ्याला पत्ताच लागत नाही. फ्लश उघडून झटकन सोडा: रेघ चौकोनी उठून एक-दोन हिसके देऊन थांबली तर ठीक.

वेज म्हणून भलतंच काही मोजलं

मशीन वेजची सरासरी स्वतःच देतं. ती सबंध श्वासाची सरासरी असते. आपल्याला हवा असतो श्वास सोडून झाल्यानंतरचा आकडा. चुलीच्या धुरात तीस-चाळीस वर्षं भाकरी थापलेल्या बाईची फुप्फुसं अशी असतात की वेजची रेघ श्वासागणिक ४ पर्यंत उतरते आणि २० पर्यंत चढते. मशीन १२ छापतं. श्वासाच्या शेवटी वाचाल तर २०. (अशा सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका आकसलेल्या, पेशंटमध्ये श्वास सोडताना जोर लागतो, त्यामुळे काही जण अनेक श्वासांची सरासरीच बरी मानतात. कोणतंही एक ठरवा, प्रोटोकॉलमध्ये लिहा आणि सगळ्या पेशंटना तेच लावा. अर्ध्यांना एक, अर्ध्यांना दुसरं असं नको.)

आणि कृपा करून "श्वास रोखा" म्हणू नका. आपला माणूस श्वास रोखतो म्हणजे पोट आवळून, दात दाबून जोर लावतो. सगळेच दाब वर जातात. साधा श्वास चालू राहू द्या, ट्रेसिंग कागदावर घ्या आणि डोळ्यांनी वाचा. एएफ असेल तर पाच-दहा ठोक्यांची सरासरी घ्या.

फुगा नीट बसला नसेल तर धमनीचा दाब मिसळतो आणि वेज खोटा वाढतो. सरासरी दाब ४२, हृदयाचा प्रवाह मिनिटाला ४.४ लिटर धरा. खरा वेज १० असेल तर रोध ७.३. अर्धवट बसलेल्या फुग्याने २४ दाखवला तर रोध ४.१. एकच माणूस, एकच दिवस, दोन वेगळे आजार. शंका आली की वेजच्या जागेतून सावकाश रक्त ओढून सॅच्युरेशन (हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन किती टक्के भरलाय) बघा. ते हातापायाच्या धमनीतल्या रक्ताइतकं, नव्वदीच्या पुढे आलं तर फुगा खरा बसलाय. फुगा मात्र दीड मिलीच्या वर आणि जोरात फुगवायचा नाही, फुगलेला ठेवून विसरायचाही नाही. दाब जास्त असलेल्या म्हाताऱ्या पेशंटमध्ये धमनी फाटू शकते.

संधिवाती तापाने (रुमॅटिक फीवरने) डाव्या एट्रियम आणि व्हेंट्रिकलमधली मायट्रल झडप आकसलेले पेशंट आपल्याकडे अजून भरपूर येतात. त्यांचा वेज डाव्या एट्रियमचा दाब सांगतो, डाव्या व्हेंट्रिकलचा नाही, आणि लाट थोडी उशिरा पोचते. त्यामुळे वेजवरून काढलेला झडपेचा ग्रेडियंट (तिच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) खऱ्यापेक्षा मोठा दिसतो. बलूनने झडप उघडताना दोन एट्रियममधला पडदा ओलांडून थेट एट्रियममधला दाब मिळत असताना संशोधनासाठी वेज लिहिणं हा निव्वळ आळस आहे. या पेशंटना ‘पल्मनरी हायपरटेन्शन’ या एका मथळ्याखाली बाकीच्यांबरोबर कोंबणं त्याहून वाईट.

जुना हिमोग्लोबिन, विचारून लिहिलेलं वजन

फिकच्या सूत्रात (ऑक्सिजनच्या वापरावरून हृदयाचा प्रवाह काढायची रीत) हिमोग्लोबिन थेट भागाकारात असतं. ऑक्सिजनचा वापर बहुतेक ठिकाणी मोजत नाहीत, शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरला १२५ मिली असा धरतात. हा अंदाजच मुळात ढोबळ आहे. त्यात फाइलीत तीन महिन्यांपूर्वीचं हिमोग्लोबिन ११ आहे आणि आज ते ८ असेल तर? पृष्ठफळ १.४, सॅच्युरेशनमधला फरक ३० टक्के धरून गणित करा. ११ ने प्रवाह ३.९ लिटर येतो, ८ ने ५.४. दाबातला फरक २४ असेल तर रोध एकदा ६.२ आणि एकदा ४.५. आपल्या भागातल्या बायकांमध्ये रक्त कमी असणं ही नवलाची गोष्ट नाही, म्हणून हिमोग्लोबिन त्याच दिवशीचं हवं. वजनही काट्यावर. "पन्नास-पंचावन असंल" हे वजन नव्हे.

सॅच्युरेशन गॅस मशीनवर काढत असाल तर ते मोजलेलं आहे की ऑक्सिजनच्या दाबावरून हिशोबाने काढलेलं, हे मशीनवाल्याला विचारा. शिरेतल्या रक्तात हिशोबाचा आकडा बराच चुकतो. सॅच्युरेशन घेताना नाकाला ऑक्सिजन चालू ठेवू नका, ठेवावाच लागला तर तसं लिहा. गुंगीचं औषधही बेताने, कारण श्वास मंद झाला की कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि फुप्फुसाचा दाब चढतो.

थर्मोडायल्यूशनबद्दल (गार सलाईन सोडून प्रवाह मोजायची दुसरी पद्धत) एवढंच: गार सलाईनची सिरिंज मुठीत धरून गप्पा मारू नका, ती कोमट होते. तीन आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांत आले पाहिजेत. हृदयात भोक असेल तर ही पद्धत मुळात वापरायचीच नाही. भोकाची शंका कॅथमध्येच येते: वरच्या महाशिरेपेक्षा फुप्फुसाच्या धमनीतलं सॅच्युरेशन ठळक जास्त आलं की प्रत्येक कप्प्यातून सॅम्पल घ्या. घरी जाऊन शीट भरताना हे लक्षात आलं तर पेशंट परत कुठून आणणार?

"सही करा इथं"

१९२९ मध्ये एबर्सवाल्डच्या दवाखान्यात वेर्नर फोर्समानने स्वतःच्याच दंडातून हृदयापर्यंत नळी घातली आणि चालत एक्स-रे काढायला गेला. १९५६ चं नोबेल कुर्नां आणि रिचर्ड्स यांच्याबरोबर त्यालाही मिळालं. त्याला संमतीपत्राची अडचण नव्हती, आपल्याला आहे.

आपल्याकडे हृदयात नळी गेली की तिला ‘एन्जोग्राफी’च म्हणतात. कॅथ झाल्यावर पहिला प्रश्न येतो, "ब्लॉक निघालं का, साहेब?" याचा अर्थ संमती झालीच नव्हती, फक्त सही झाली होती. उपचारासाठी लागणारी कॅथ कोणती आणि संशोधनासाठी जादा काय करणार आहोत (जादा सॅम्पल, जादा सलाईन, टेबलवर पायडल मारायला लावणं), हे वेगळं करून सांगा. त्या जादा भागाचा खर्च पेशंटच्या माथी मारायचा नाही, हे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. अंगठा असेल तर त्रयस्थ साक्षीदार हवा, आणि तो तुमचाच रेसिडेंट नको. तांड्यावरून आलेल्या आजीला पुस्तकी मराठी कळत नाही, तिच्यासाठी गोरमाटी (बंजारा बोली) बोलणारं माणूस शोधा.

"काही होत नाही" हे वाक्यही सोडा. अनुभवी केंद्रांतल्या ७,२१८ तपासण्यांच्या २००६ मध्ये छापलेल्या आढाव्यात गंभीर त्रास १.१ टक्के आणि मृत्यू ०.०५५ टक्के होते. हजारात दहा-अकरा जणांना मोठा त्रास होऊ शकतो, असं सांगितलं की लोक ऐकतात, दोन प्रश्न विचारतात आणि बहुतेक जण तयारही होतात.

ट्रायल असेल तर सीटीआरआयची (देशातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीची) नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही. "नंतर करू" म्हणून बसलेल्या एकाचं दोन वर्षांचं काम मी अडकलेलं पाहिलंय.

फॉलोअप नोव्हेंबरात ठेवला

ही चूक पुस्तकात सापडणार नाही. सहा महिन्यांनी सहा मिनिटं चालण्याची चाचणी, असं प्रोटोकॉलमध्ये लिहिलं. पेशंट मेमध्ये घेतले म्हणजे फॉलोअप आला नोव्हेंबरात. आमच्या पहिल्या यादीत तेव्हा कितीतरी नावांपुढे ‘लॉस्ट टू फॉलोअप’ पडलं. हरवलं कुणीच नव्हतं. दिवाळीनंतर कोयता घेऊन घरदार उसाला गेलं होतं. दम लागणारी बाई ऊस तोडत नाही, पण गावात एकटी राहून करणार काय? ती कोपीवर लेकरं सांभाळते. एकीचा फोन लागला तेव्हा ती सांगली जिल्ह्यात होती. म्हणाली, "पट्टा पडल्यावर (उसाचा हंगाम संपल्यावर) येते की. आता मुकादम सोडंल का?"

मग आम्ही वेळापत्रकच फिरवलं. नाव नोंदवताना विचारतो, उसाला जाता का, कोणत्या महिन्यात, उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतली का. भेटी गुढीपाडव्यानंतर आणि श्रावण-भाद्रपदात धरतो, आणि सहा महिन्यांच्या भेटीला दोन्हीकडे काही आठवड्यांची मोकळीक प्रोटोकॉलमध्येच लिहून एथिक्स कमिटीकडून मंजूर करून घेतो. एसटीचं भाडं देतो. फोनसाठी दोन नंबर घेतो, एक घरचा आणि एक शेजारचा. मुकादमाचा नंबर घेत नाही. दुसऱ्या कुणी फोन उचलला तर "दवाखान्यातून बोलतोय, ताईंना फोन करायला सांगा" एवढंच, आजाराचं नाव नाही. आजारी बाईच्या कोयत्याला (नवरा-बायकोच्या जोडीला) पुढच्या साली उचल मिळेल की नाही, याची धास्ती त्या घरात दम लागण्याहून मोठी असते.